तगराची दहा दिवसांची वाट

एखादें गांव किती दूर आहे असें विचारलें तर आज उत्तर किलोमीटरांत मिळतें. पूर्वीं तें मुक्कामांत मिळत असे. "तीन मुक्कामांवर आहे," एवढें सांगितलें कीं ऐकणाऱ्याला सारें कळे. शिदोरी किती बांधावयाची, बैलांसाठीं वैरण किती घ्यावयाची, पाण्याला कोठें थांबावयाचें, याचा हिशेब त्या एका शब्दांत असे. मैलाचा आंकडा जमीन मोजतो. मुक्कामाचा आंकडा माणसाचे आणि बैलाचे पाय मोजतो. धाराशिव जिल्ह्यांतील एका प्राचीन नगराचें ठिकाण विद्वानांच्या हातून शतकाहून अधिक काळ हरवलें होतें. तें जेव्हां सांपडलें, तेव्हां या मुक्कामांच्या आंकड्यानेंच सांपडलें.

त्या नगराचें नांव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत, मिसर देशांत राहणाऱ्या व ग्रीक भाषा लिहिणाऱ्या कोणा अनाम व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची एक माहितीपुस्तिका लिहून ठेवली. 'पेरिप्लस' या नांवानें ती प्रसिद्ध आहे. ग्रंथकार खलाशांत व सौदागरांत वावरलेला, भाषेचा फारसा शोक नसलेला, पण माल व बंदरें यांची माहिती बारकाईनें सांगणारा. दक्षिणापथांतील दोन मोठ्या पेठा तो नांवानें सांगतो. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणपासून पूर्वेस सुमारें दहा दिवसांच्या वाटेवर तगर. तगर हें फार मोठें नगर आहे असें तो म्हणतो. पैठणहून अकीकाचे दगड व तगराहून जाडेंभरडें कापड व तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांतून भडोचला उतरे. समुद्रकांठच्या मुलखांतून आलेला दुसराही माल तगरांत गोळा होऊन तेथून पुढें जाई. दुसऱ्या शतकांतील भूगोलकार टॉलेमी यालाही हें नांव ठाऊक होतें.

पुढें शिलाहार राजे आले. उत्तर कोंकणांत, दक्षिण कोंकणांत व कोल्हापुरास राज्य करणाऱ्या या घराण्याच्या तिन्ही शाखांचें एक बिरुद होतें: 'तगरपुरवराधीश्वर'. ताम्रपटांत हें बिरुद वारंवार येतें. म्हणजे नगराची कीर्ति घाटाखालीं समुद्रापर्यंत पोंचली होती, वंशजांना तिचा अभिमान होता. पण तें नगर कोठें, हें मात्र लोक विसरले.

शोध अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. विल्फर्ड नांवाच्या अधिकाऱ्यानें तगर म्हणजे देवगिरी असें ठरविलें. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं जुन्नरचा पक्ष घेतला. शिलाहारांच्या बिरुदावरून कोणी कोल्हापूरकडे बोट दाखविलें. डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं धारूर सुचविलें. नांवें सारीं भारदस्त, आणि प्रत्येकाच्या बाजूला कांहीं ना कांहीं पुरावा होताच. जुन्नरला शेंकडों लेणीं, देवगिरीला किल्ला, कोल्हापूरला राजधानी. परंतु पैठणहून दहा दिवस चालून पाहण्याचें कोणी मनावर घेतलें नाहीं. देवगिरी पैठणच्या उत्तरेस, फार तर तीन दिवसांच्या वाटेवर आहे. जुन्नर पैठणच्या पश्चिमेस आहे, म्हणजे दिशाच उलटी. धारूर बरोबर दिशेस आहे खरें, पण दहा दिवसांच्या मानानें अंमळ जवळ पडतें. भांडारकरांचा नेम थोडक्यांत चुकला असेंच म्हटलें पाहिजे.

इ. स. १९०१ मध्यें जॉन फेथफुल फ्लीट यांनीं हा प्रश्न सोडविला. फ्लीट मुंबई इलाख्यांत सरकारी नोकरींत होते, कानडी व संस्कृत शिलालेख वाचण्यांत त्यांचा हातखंडा होता, आणि निवृत्त होऊन ते विलायतेस परतले होते. धाराशिवच्या ईशान्येस सुमारें बारा मैलांवर तेरणा नदीच्या कांठीं तेर नांवाचें गांव आहे, तेंच तगर, असें त्यांनीं दाखविलें. तगर, तयर, तेर असा नांवाचा प्रवास भाषेच्या नियमांना धरून आहे. चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी याच्या इ. स. ६१२ च्या ताम्रपटांत दान घेणारा ब्राह्मण तगराचा रहिवासी म्हटला आहे, म्हणजे नांव तोंवर जिवंत होतें. पण खरा निर्णय झाला तो अंतरानें. भडोच ते पैठण सरळ रेषेनें सुमारें २२० मैल. वीस दिवसांत तें कापावयाचें तर रोज अकरा मैल चाल पडते. पैठण ते तेर सरळ रेषेनें सुमारें ९५ मैल. दहा दिवसांत रोज साडेनऊ मैल. वाटेचीं वळणें धरलीं तर दोन्हीकडे चाल थोडी वाढते, पण जवळजवळ सारखीच राहते, आणि ती ओझ्याच्या बैलगाडीची नेहमींची चाल आहे. तेर पैठणच्या नेमकें पूर्वेस नसून आग्नेयेस आहे, असा आक्षेप घेतां येतो. परंतु पेरिप्लसकारानें हा मुलूख स्वतः पाहिला होता असें दिसत नाहीं. भडोचच्या धक्क्यावर गाडीवानांनीं हात करून दाखविलेली दिशा त्यानें लिहून घेतली असावी. गाडीवानाची दिशा चुकेल, मुक्कामांची संख्या सहसा चुकत नाहीं.

ही वाट होती तरी कशी? पेरिप्लसकार सांगतो कीं माल ज्या विस्तीर्ण प्रदेशांतून येई तेथें रस्तेच नव्हते. आजच्या वाचकाला हें विचित्र वाटेल. पण डांबराचा, खडीचा किंवा फरसबंदीचा रस्ता नसणें आणि वाट नसणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वाट म्हणजे पाणवठ्यांची माळ. पैठणाशीं गोदावरी उतरावयाची, आजच्या बीड जिल्ह्यांतून बालाघाटाच्या डोंगररांगेवर चढावयाचें, मांजरा ओलांडावयाची आणि तेरणेच्या खोऱ्यांत उतरावयाचें, असा हा मार्ग असला पाहिजे. भूमीची रचनाच दुसरा सोयीचा मार्ग देत नाहीं. बालाघाटाचें पठार मोठें मोकळें आहे. पावसाळ्यानंतर कांहीं दिवस तें हिरवें असतें, मग ज्वारीचीं ताटें उभीं राहतात, आणि माघ-फाल्गुनांत उघड्या माळावर काळा दगड व पिंवळें कुसळी गवत एवढेंच उरतें. चालणाऱ्याला डोंगराचा मोठा अडसर नाहीं. अडसर आहे तो काळ्या जमिनीचा. पावसांत ती चाकाला अशी धरते कीं चार बैलांनाही गाडी हलत नाहीं.

म्हणून या वाटेला ऋतु होता. चार महिने गाड्या घरीं, आणि दसऱ्याचें सीमोल्लंघन झालें कीं बाहेर. तगर ते भडोच तीस दिवस. दसरा-दिवाळीच्या सुमारास निघालेला माल मार्गशीर्षांत बंदराला लागावा. पश्चिमेकडील जहाजें नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर येत आणि डिसेंबरांत किंवा जानेवारीच्या पूर्वार्धांत परत फिरत, असें रोमन ग्रंथकार प्लिनी लिहितो. समुद्रावरचा वारा आणि तेरणाकांठचा चिखल यांचा मेळ असा बसत होता. तगराच्या पूर्वेलाही वाट संपत नव्हती. फ्लीट यांच्या मतें ती तेलंगणांतून मच्छलीपट्टणच्या बाजूस, पूर्वसमुद्राला जाऊन मिळत होती. एका समुद्रावरून निघून दुसऱ्या समुद्रावर पोंचणाऱ्या या वाटेच्या मध्यावर तगर बसलेलें होतें.

फ्लीट यांच्या लेखानंतर लवकरच पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स तेरला गेले. गावांतील त्रिविक्रमाचें देऊळ पाहून ते थक्क झाले. देऊळ विटांचें, मागची बाजू अर्धगोल आणि छप्पर गजपृष्ठाकार, म्हणजे डोंगरांत कोरलेल्या चैत्यगृहासारखें, पण मोकळ्या जमिनीवर बांधलेलें. असा नमुना सबंध हिंदुस्थानांत विरळा. मूळचें तें बौद्ध चैत्य असावें असें अनेक अभ्यासक मानतात. आंत आज विष्णूचा त्रिविक्रम अवतार उभा आहे. तीन पावलांत त्रैलोक्य मोजणारा हा देव चालणाऱ्यांच्या गांवीं यावा, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

गावाभोंवतींच्या पांढरीच्या टेकाडांत मात्र खरा खजिना होता, आणि तोच धोक्यांत होता. पांढरी माती धाब्याच्या घरांना व शेतांना उपयोगी, म्हणून लोक पिढ्यान्‌पिढ्या ती उकरून नेत. त्या मातीबरोबर मणी, नाणीं, खापरें, भाजक्या मातीच्या पुतळ्या बाहेर पडत. मुलें त्यांशीं खेळत आणि पावसांत त्या वाहून जात. तेरचेच व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनीं हें पाहिलें आणि एकेक वस्तु गोळा करण्याचा छंद घेतला. ते कोणत्याही विद्यापीठाचे पदवीधर नव्हते. त्यांच्या घरीं हजारों वस्तु जमल्या. पुढें तो संग्रह त्यांनीं सरकारच्या स्वाधीन केला व त्यांच्याच नांवाचें संग्रहालय तेरला उभें राहिलें. त्यांतील एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति जगप्रसिद्ध आहे. इटलींतील पाँपेई शहर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. १९३८ मध्यें तेथील एका घरांत भारतीय घडणीची हस्तिदंती मूर्ति मिळाली. दोघींतील साम्य अभ्यासकांच्या नजरेंतून सुटलें नाहीं. १९५८ पासून झालेल्या उत्खननांत विटांचा मोठा स्तूप, सातवाहनांचीं नाणीं आणि रोमन धर्तीच्या वस्तु निघाल्या व फ्लीटचें म्हणणें मातीनें खरें केलें. मात्र उत्खनन होण्यापूर्वीं किती टेकाडें शेतांत पसरलीं गेलीं, याचा हिशेब आतां होणें नाहीं.

पश्चिमेचा व्यापार मंदावल्यावर तगराचें वैभव उतरलें. कनकामर मुनीनें अपभ्रंश भाषेंत रचलेल्या 'करकंडचरिउ' या काव्यांत तेरापूर व त्याजवळचीं लेणीं यांचें वर्णन आहे. तीं धाराशिवचीं लेणीं होत. पुढें गोरोबाकाका झाले. नामदेव, ज्ञानदेव, मुक्ताबाई तेरला गोरोबांच्या घरीं जमल्याची आणि गोरोबांनीं थापटण्यानें संतांचीं डोकीं थोपटून कोणतें मडकें कच्चें तें पाहिल्याची कथा घरोघर ठाऊक आहे. त्या कथेंत सर्व संत पायींच आले होते, हें सांगण्याची कोणाला गरज वाटली नाहीं.

राजकारण बदललें तशा वाटा सरकल्या. नळदुर्ग, परांडा हे किल्ले मोठे झाले. १६०० सालीं अहमदनगर पडल्यावर परांडा कांहीं काळ निजामशाहीची राजधानीही होतें. १८९७ मध्यें कुर्डुवाडी ते बार्शी अडीच फुटी रुळांची छोटी आगगाडी सुरू झाली आणि १९११ मध्यें ती येडशीवरून लातूरला पोंचली. मालाची बैलगाडी हळूहळू त्या वाटेवरून उतरली. माणसें उतरलीं नाहींत.

याचें उदाहरण तुळजापुरास दर वर्षीं दसऱ्याला दिसतें. भवानीमातेचा पलंग पुणें जिल्ह्यांतील घोडेगांवास तयार होतो आणि जुन्नर व नगरवरून खांद्यांवर वाहून तुळजापुरास आणला जातो. पालखी नगरजवळच्या बुऱ्हाणनगरची. पहाटे सीमोल्लंघन झाल्यावर देवी या पलंगावर कोजागरीपर्यंत विश्रांति घेते. नकाशावर ही रेघ ओढून पाहावी. नाणेघाटाच्या माथ्यावरील जुन्नर, तेथून नगर, तेथून बालाघाट. कोंकणच्या बंदरांतून घाट चढून तगराकडे येणाऱ्या सातवाहनकालीन व्यापाऱ्याला याहून फार वेगळी दिशा धरतां आली नसती. पलंग मुद्दाम जुन्या व्यापारी मार्गानें आणतात असें कोणी म्हणूं नये, तसा पुरावा नाहीं. पायांना सोयीची वाट पायांनीं दोनदां शोधून काढली, एवढेंच खात्रीनें म्हणतां येतें. कोजागरीला तर सोलापूरहून तुळजापूरपर्यंतची २८ मैलांची वाट रात्रभर माणसांनीं फुललेली असते. म्हातारीं माणसें व अनवाणी मुलें बरोबरीनें चालतात.

आणि तेर? शेगांवच्या गजानन महाराजांची पालखी १९६८ पासून आषाढी वारीला पायीं पंढरपुरास जाऊं लागली. सुमारें साडेचारशें मैलांची ही वाट एका महिन्यावर थोड्या दिवसांत पुरी होते; रोजची चाल तेरा-चौदा मैलांची, म्हणजे तगराच्या गाडीवानाहून थोडी अधिक. मृगाच्या पावसांत काळी जमीन गाडीवानाला घरीं बसवी. डांबरी सडकेमुळें वारकऱ्याला ती अडवीत नाहीं. परळी, अंबाजोगाई, कळंब करीत पालखी तेरणेच्या कांठीं येते. टाळ-मृदंग थांबतात, तळ पडतो. आणि पुढें दिंडी धाराशिवची वाट धरते. तेथून तुळजापूर, मग सोलापूर, मंगळवेढें आणि पंढरपूर.