ड्रोन उडवताय? शेतावरच्या आभाळालाही हद्द असते. लाल, पिवळा, हिरवा झोन म्हणजे काय ते समजून घ्या

जालना : बांधाची हद्द दगड रोवून दाखवता येते, आभाळाची नाही. लग्नाचं शूटिंग करणारा पोरगा असो की कपाशी-मोसंबीवर फवारणी करणारा ड्रोनवाला, आपण मनाई असलेल्या हद्दीत शिरलो हे त्याला मान वर करून कळत नाही. ते नकाशावरच कळतं. आणि हा नकाशा रात्रीतून बदलू शकतो, खरी अडचण तिथेच आहे.

केंद्र सरकारने २५ ऑगस्ट २०२१ रोजी ड्रोन नियम लागू केले आणि २४ सप्टेंबर २०२१ रोजी देशभराचा आकाश नकाशा जाहीर केला. नकाशात तीन रंग आहेत. हिरव्या भागात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत, म्हणजे साधारण १२० मीटर उंचीपर्यंत, परवानगी न घेता ड्रोन उडवता येतो. पिवळ्या भागात विमानतळाच्या हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची परवानगी लागते. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय जाताच येत नाही.

आपल्याला सगळ्यात जवळचा मोठा विमानतळ म्हणजे छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा. विमानतळाच्या कुंपणापासून ५ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीपासूनच पिवळा झोन सुरू होतो. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत मोकळीक आहे, त्यावर पिवळा. जालना शहर तिथून रस्त्याने पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे हा पट्टा इथवर पोहोचत नाही. आधीच्या नियमांत मात्र ही मर्यादा ४५ किलोमीटर होती. तोच आकडा राहिला असता तर बदनापूरकडच्या शेतकऱ्याला फवारणीसाठीही विमानतळाकडे अर्ज करावा लागला असता.

मग जिल्ह्यात काळजीचं कारण काय? तात्पुरता लाल झोन. पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फत राज्य सरकार एखादा भाग जास्तीत जास्त ९६ तासांसाठी लाल जाहीर करू शकतं. मंत्र्यांचा दौरा, मोठी सभा, बंदोबस्त अशा वेळी हे होऊ शकतं. त्याशिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली (पूर्वीचं १४४) ड्रोनबंदीचे वेगळे आदेश निघतात, ते ठरावीक दिवसांपुरते असतात. काल हिरव्यात असलेलं तेच शेत आज मनाईत असू शकतं. म्हणूनच हिरव्या भागातही उड्डाणाआधी डिजिटल स्काय प्लॅटफॉर्मवर निर्बंध तपासणं नियमानेच बंधनकारक आहे. नकाशा मोबाईलवर दिसतो, बघायला लॉगिन लागत नाही. कलम १६३ च्या आदेशासाठी मात्र पोलीस ठाण्यात फोन करून विचारलेलं बरं.

अशी चूक फक्त ड्रोनवाल्यांची होते असं नाही. ११ मे २००५ रोजी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातून निघालेलं सेस्ना १५० हे दोन आसनी विमान रस्ता चुकून वॉशिंग्टनच्या मनाई क्षेत्रात शिरलं. लढाऊ विमानं त्याच्यामागे धावली, व्हाइट हाऊस आणि संसद भवन रिकामं करावं लागलं. विमानात एक वैमानिक आणि एक शिकाऊ होता, घातपाताचा हेतू नव्हता. तरीही वैमानिकाचा परवाना गेला. 'माहीत नव्हतं' हे उत्तर आभाळात चालत नाही.

आपल्याकडे हा विषय आणखी नाजूक आहे. २०२४ मध्ये मराठवाड्यात रात्री ड्रोन फिरताना दिसल्याच्या बातम्या गावोगाव पसरल्या. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीवर ड्रोन दिसल्याचा प्रश्न तर जुलै २०२४ मध्ये विधिमंडळात निघाला. अशा वातावरणात न सांगता उडवलेला साधा शूटिंगचा ड्रोनही गावकऱ्यांना चोरांचा वाटू शकतो. उडवण्याआधी पोलीस पाटील आणि शेजारच्या वस्तीला सांगितलं तर अर्धं भांडण तिथेच मिटतं. अनोळखी ड्रोन दिसलाच तर दगड भिरकावू नये, तो कुणाच्याही डोक्यात पडू शकतो. वेळ, दिशा, दिव्यांचा रंग टिपून ११२ वर कळवावं.

कागदपत्रांचं थोडक्यात. ड्रोनला यूआयएन हा नोंदणी क्रमांक लागतो, गाडीच्या नंबरसारखा. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला चालक प्रमाणपत्र लागत नाही. २ किलोपर्यंतच्या ड्रोनला ते फक्त हौसेसाठी उडवताना माफ आहे. लग्नाचे पैसे घेतले की हौस संपली, प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी वय १८ ते ६५ आणि दहावी पास ही अट आहे. फवारणीच्या ड्रोनचं वजन टाकी भरून धरलं जातं, त्यामुळे २५ किलोच्या वर गेला की तो 'मध्यम' गटात मोडतो. नॅनो सोडून बाकीच्यांना तृतीय पक्ष विमा हवा. २०२१ च्या नियमांत दंड एक लाख रुपयांपर्यंत आहे. नमो ड्रोन दीदी योजनेत ८० टक्के, कमाल ८ लाखांपर्यंत अनुदानावर ड्रोन घेणाऱ्या बचत गटांनाही हेच नियम लागू आहेत. ड्रोन सरकारी योजनेतून आला म्हणून लाल झोन हिरवा होत नाही.

फवारणीचा ड्रोन पिकावरून दोन-तीन मीटरवर चालतो, त्यामुळे उंचीची मर्यादा त्याच्याकडून सहसा मोडत नाही. मोडते ती शूटिंगच्या ड्रोनकडून, आणि तीही बऱ्याचदा 'रिटर्न टू होम'मुळे. बॅटरी उतरली किंवा सिग्नल तुटला की ड्रोन आधी ठरवून ठेवलेल्या उंचीवर चढतो आणि सरळ रेषेत परत निघतो. मधे काय आहे ते तो बघत नाही. म्हणून ही उंची सेटिंगमध्ये आधीच ४०० फुटांच्या आत ठेवावी आणि परतीची सरळ रेषा मनाई क्षेत्रावरून जात नाही ना, हे नकाशावर बघूनच जागा निवडावी. इतकं करूनही ड्रोन भरकटलाच तर लगेच खाली घ्यावा, मेमरी कार्ड पुसू नये आणि पोलिसांना स्वतःहून कळवावं. ड्रोन पडून अपघात झाला तर ४८ तासांत डिजिटल स्कायवर नोंद करावी लागते.