मंकड, विनू
मंकड, विनू : (१२ एप्रिल १९१७ – २१ ऑगस्ट १९७८). भारताचे श्रेष्ठ अष्टपैलू क्रिकेटपटू. मूळ नाव मुळवंतराय हिंमतलाल मंकड. जन्म जामनगर येथे. नवानगर संस्थानात खेळत असताना ससेक्सचे व्यावसायिक खेळाडू बर्ट वेन्सली यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले आणि डाव्या हाताने, बोटांच्या साहाय्याने चेंडू वळविणारी त्यांची मंदगती फिरकी तेथेच घडली. फलंदाजी मात्र ते उजव्या हाताने करीत. १९३६-३७ मध्ये रणजी करंडक जिंकणाऱ्या नवानगर संघात ते होते. पुढे ते मुंबईकडून खेळले.

दुसऱ्या महायुद्धामुळे कसोटी पदार्पणास १९४६ साल उजाडले, तरी त्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी हजारावर धावा व शंभरावर बळी असा दुहेरी पराक्रम केला. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियात मेलबर्नला दोन शतके झळकावूनही त्यांचे नाव जगभर झाले ते वेगळ्याच कारणाने. सिडनी कसोटीत, चेंडू टाकला जाण्यापूर्वीच क्रीझ सोडणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राउन यांना त्यांनी गोलंदाजाच्या बाजूची यष्टी उडवून धावचीत केले. याच दौऱ्यातील आधीच्या एका सामन्यात ब्राउन यांना त्यांनी ताकीद दिली होती, कृती नियमाला धरून होती आणि खुद्द ऑस्ट्रेलियाचे कर्णधार डॉन ब्रॅडमन यांनी तिचे समर्थन केले. तरीही अशा बाद करण्याला ‘मंकडिंग’ हे काहीसे अन्यायकारक नाव चिकटले.

फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला इंग्लंडचे १२ बळी घेऊन (८/५५ व ४/५३) त्यांनी भारताला पहिला कसोटी विजय मिळवून दिला. त्यानंतर काही महिन्यांतच भारतीय संघ इंग्लंडला गेला तो त्यांच्याविना. खेळावर उदरनिर्वाह असलेल्या मंकड यांना लँकेशर लीगमधील हॅस्लिंग्डन क्लबचा करार मिळाला होता. या लीगमध्ये गिरणगावांचे क्लब एक मानधनी खेळाडू घेऊन मुख्यतः शनिवारी सामने खेळत. भारतीय संघातील निवडीची आगाऊ हमी क्रिकेट मंडळाने न दिल्याने त्यांनी हा करार स्वीकारला. लीड्सच्या पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावात भारताची अवस्था ४ बाद ० अशी झाल्यावर मात्र क्लबकडे रदबदली करून त्यांना लॉर्ड्स कसोटीसाठी मोकळे करून घेण्यात आले. तेथे सलामीला येऊन ७२ धावा, मग एका डावात ७३ षटके टाकून १९६ धावांत ५ बळी आणि पुन्हा १८४ धावा असा खेळ त्यांनी केला. इंग्लंडने ८ गडी राखून सामना जिंकला, पण तो मंकड यांचाच सामना म्हणून ओळखला जातो.

१९५६ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध मद्रासला त्यांनी पंकज रॉय यांच्यासह ४१३ धावांची सलामी दिली. त्यात त्यांच्या धावा २३१ होत्या आणि सलामीचा हा विक्रम २००८ पर्यंत टिकला. सहा कसोटींत त्यांनी नेतृत्व केले, मात्र विजय मिळाला नाही. ४४ कसोटींत २,१०९ धावा व १६२ बळी ही त्यांची एकूण कामगिरी असून १,००० धावा व १०० बळींचा टप्पा त्यांनी २३ कसोटींतच गाठला होता. १९७३ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र अशोक हेही भारताकडून २२ कसोटी सामने खेळले.