हॅस्केल : अध्ययनसाधने

हॅस्केल ही स्थिर टाइप असलेली शुद्ध फंक्शनल प्रोग्रॅमिंग भाषा. तिचा पहिला अहवाल १९९० मध्ये निघाला. नाव तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांच्यावरून. हॅस्केल ९८ आणि हॅस्केल २०१० हे प्रमाण अहवाल शंका आली की उघडायचे, त्यांवरून भाषा शिकू नये.

शिकण्याचे साहित्य भरपूर आहे आणि बरेचसे फुकट. अडचण निवडीची. पुस्तक घेण्याआधी त्याचे वर्ष पाहावे. हॅस्केलमध्ये ठरावीक क्रिया पुरवणाऱ्या टाइपांच्या गटाला टाइपक्लास म्हणतात; फंक्टर, अ‍ॅप्लिकेटिव्ह आणि मोनाड हे असे गट. २०१५ च्या जीएचसी ७.१० या कंपायलरपासून प्रत्येक मोनाड हा अ‍ॅप्लिकेटिव्हही असणे सक्तीचे झाले. त्याआधीच्या पुस्तकातला स्वतःचा मोनाड रचणारा कोड जसाच्या तसा उतरवला, तर अ‍ॅप्लिकेटिव्हचे इन्स्टन्स (त्या गटाच्या क्रिया टाइपला पुरवणारी व्याख्या) नाही म्हणून कंपायलर अडतो. फंक्टर व अ‍ॅप्लिकेटिव्ह यांची इन्स्टन्स चार ओळींत जोडता येतात, पण नवख्याला हे सुचणार कसे? फाइली, डेटाबेस, नेटवर्क अशी रोजची कामे शिकवणारे ‘रिअल वर्ल्ड हॅस्केल’ (२००८) म्हणूनच दुसऱ्या टप्प्यावर घ्यावे.

पहिले पुस्तक ग्रॅहम हटन यांचे ‘प्रोग्रॅमिंग इन हॅस्केल’, तेही २०१६ ची दुसरी आवृत्ती. मजकूर आटोपशीर, प्रकरणाअखेर उदाहरणे सोडवायला. मिरान लिपोवाचा यांचे सचित्र ‘लर्न यू अ हॅस्केल फॉर ग्रेट गुड’ (२०११) झरझर वाचून होते. मात्र त्यात स्वाध्यायच नाहीत. ‘अ जेंटल इंट्रोडक्शन टू हॅस्केल’ नावाइतके सौम्य नाही.

स्वाध्यायांची उणीव ब्रेंट यॉर्गी यांचा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील २०१३ चा पाठ्यक्रम भरून काढतो. पहिल्याच गृहपाठात क्रेडिट कार्डाचा क्रमांक वैध आहे का, हे तपासायचे असते. मोनाड म्हणजे अमक्यासारखे, अशा उपमा देणाऱ्या लेखांचा फोलपणाही यॉर्गी यांनीच २००९ मध्ये दाखवला. व्याख्याने ऐकायची असल्यास चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद आणि एस. पी. सुरेश यांचा एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणमंचावरील पाठ्यक्रम आहे.

‘हूगल’ या शोधयंत्रात फंक्शनच्या नावाऐवजी टाइप देता येतो. ‘अ’पासून ‘ब’ देणारे फंक्शन आणि ‘अ’ची यादी घेऊन ‘ब’ची यादी देणारा टाइप लिहिला की ‘मॅप’ समोर येते. टाइप वाचण्याची सवय लागायला याहून सोपे साधन नाही.