वनविद्येच्या पदवीचें मोल

बारावीचे निकाल लागले कीं ओळखीपाळखीचीं माणसें मुलांना घेऊन आमच्याकडे सल्ला विचारावयास येतात. यंदा अशाच एका गृहस्थांनीं आपल्या कन्येविषयीं विचारलें. मुलीस वनविद्येची, म्हणजे रान, माती, पाणी व वन्य प्राणी यांच्या जतनाचें शास्त्र शिकविणारी, चार वर्षांची पदवी घ्यावयाची होती. वडिलांचा प्रश्न साधा होता: या पदवीला मोल काय? मोल या शब्दानें त्यांना पगार अभिप्रेत होता हें उघड आहे, आणि संसारी माणसानें तसें विचारावें यांत गैर कांहीं नाहीं. परंतु उत्तर देऊं लागतांच आमच्या ध्यानांत आलें कीं, या विद्येचा आपल्या देशांतील पूर्वेतिहास पाहिल्यावांचून तें नीट देतां येणार नाहीं. कोणतीही विद्या ज्या गरजेपोटीं जन्मास येते, त्या गरजेची छाप तिच्या अभ्यासक्रमावर दीर्घकाळ राहते.

आपल्याकडे ही विद्या लाकडाच्या गरजेपोटीं जन्मास आली. मुंबई इलाख्यांत डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची जंगलांचे कॉन्झर्व्हेटर म्हणून १८४७ सालीं नेमणूक झाली. ते पूर्वी दापोडीच्या वनस्पति-उद्यानाचे अधीक्षक होते. १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी गेली, व पुढें लोहमार्ग देशभर पसरूं लागले. मैलभर मार्गास १७६० ते २००० स्लीपर लागत. तेव्हां जंगल असेंच तुटत गेलें तर लाकूड पुरणार किती दिवस, ही चिंता सरकारास पडली. १८५६ सालीं ब्रह्मदेशांतील पेगूच्या सागवानी जंगलांवर डीट्रिश ब्रँडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाची नेमणूक झाली. हे गृहस्थ हत्तीवर बसून रानांतून जात. एका हातांत चार काठ्या, दुसऱ्या हातांत चाकू. वाटेंत साग दिसला कीं त्याच्या जाडीचा अंदाज घेऊन त्या त्या वर्गाच्या काठीवर ते एक खांच पाडीत. अशा खांचा मोजून, मूळ साठा न घटतां दर वर्षीं किती साग तोडतां येईल, याचा हिशेब त्यांनीं बसविला. व्याज खावें, मुद्दल राखावें, हें तत्त्व रानाच्या बाबतींत प्रत्यक्ष आणण्याचा हा मोठाच प्रयत्न होता, आणि त्याचें श्रेय ब्रँडिस यांना दिलेंच पाहिजे. मात्र त्या चार काठ्यांवर सागावांचून दुसऱ्या कोणत्याही झाडास जागा नव्हती, हेंही ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

१८६४ सालीं ब्रँडिस हिंदुस्थानचे पहिले जंगलांचे इन्स्पेक्टर जनरल झाले. अधिकाऱ्यांचें शिक्षण प्रथम फ्रान्स व जर्मनी येथें होई. १८८५ पासून तें इंग्लंडांत कूपर्स हिल येथें होऊं लागलें व १९०५ सालीं ऑक्सफर्डास गेलें. खालच्या दर्जाच्या नोकरांसाठीं १८७८ सालीं डेहराडून येथें शाळा निघाली. त्याच गांवीं १९०६ सालीं संशोधनसंस्था स्थापन झाली. या शाळांतून निघालेल्या मंडळींनीं रानें पायांखालीं घातलीं, नकाशे केले, झाडांच्या जाती निश्चित केल्या. ट्रूप यांचा हिंदी वृक्षांच्या संवर्धनावरील १९२१ चा ग्रंथ अजूनही जाणत्यांच्या हातीं असतो. विद्या म्हणून तिची योग्यता कमी होती असें कोणी म्हणूं नये.

परंतु ज्या १८७८ सालीं डेहराडूनची शाळा निघाली त्याच सालीं जंगलाचा दुसरा मोठा कायदा झाला, हा योगायोग बोलका आहे. या कायद्यानें राखीव, संरक्षित व ग्रामवन असे तीन वर्ग पाडले. गांवकऱ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या चालविलेला वापर हा हक्क कीं केवळ सरकारची सवलत, यावर सरकारी अधिकाऱ्यांतच वाद झाला होता. बेडन-पॉवेल यांचा पक्ष सर्व रान सरकारचें या मताचा; ब्रँडिस यांना ग्रामवनांचें महत्त्व वाटे; मद्रास सरकारचा तर अशा कायद्यासच विरोध होता. अखेर राखीव जंगलांचा वर्ग वाढत गेला व ग्रामवनें बहुतेक कागदावरच राहिलीं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें तेव्हांच अर्ज करून सांगितलें होतें कीं, गांवकऱ्यांना विश्वासांत घेतल्यास रानाचें रक्षण अधिक चांगलें होईल. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत जोतीराव फुले यांनीं जंगलखात्यानें डोंगर व गायरानें घेतल्यामुळें शेतकऱ्याच्या गुराढोरांस चरावयास जागा उरली नाहीं, असें परखडपणें मांडलें. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील गाऱ्हाण्यांमुळें सरकारास १८८५ सालीं चौकशी कमिशन नेमावें लागलें. एवढें सगळें बाहेर चाललें असतां रानांत राहणारीं माणसें वनविद्येच्या वर्गांत आलीं तीं बहुतकरून गुन्हेगार म्हणून: वणवा लावणारे, कुंपण मोडणारे, चोरून लांकूड तोडणारे.

या दृष्टीनें माणसांवर अन्याय झाला, हें तर खरेंच. पण तिनें शास्त्राचेंही नुकसान केलें. याचें एक उदाहरण आपल्या काळांतलें आहे. राजस्थानांत भरतपूरजवळ केवलादेव नांवाचें पाणथळ रान पक्ष्यांसाठीं प्रसिद्ध आहे. आसपासच्या गांवांच्या म्हशी तेथें चरत. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ सालीं ही चराई बंद करण्यांत आली. तंटा झाला, गोळीबार झाला, त्यांत ग्रामस्थ मेले. बंदीच्या बाजूस मोठमोठे तज्ज्ञ होते, आणि गुरें काढलीं कीं पक्षी वाढतील अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. झालें उलट. म्हशी खात तें गवत बेसुमार वाढलें, उथळ पाणी त्यानें भरून गेलें, आणि पाणपक्ष्यांची जागा आकुंचित झाली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें सुमारें दहा वर्षें अभ्यास करून चराईबंदी उद्यानास अपायकारक ठरल्याचें सांगितलें. म्हशी राखणाऱ्या गुराख्यास गवत वाढेल हें सांगतां आलें असतें. पण त्याचें म्हणणें विद्येच्या कक्षेंत येत नव्हतें.

आतां पदवीकडे वळूं. स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षें वनविद्या ही खात्यांत शिरलेल्या माणसास द्यावयाची शिकवण होती. विद्यापीठांत मोकळेपणीं शिकावयाचा विषय ती नव्हती. राष्ट्रीय कृषि आयोगानें १९७६ सालीं विद्यापीठांनीं ती शिकवावी अशी शिफारस केली, व १९८५ च्या सुमारास कृषिविद्यापीठांतून पदवीचे वर्ग निघाले. हिमाचल प्रदेशांत सोलन येथें तर फलोद्यान व वनविद्या यांचें स्वतंत्र विद्यापीठच झालें. आपल्याकडे दापोली व अकोला येथें ही पदवी मिळते. गंमत अशी कीं, ज्या आयोगानें या विद्येचीं दारें उघडलीं, त्याच आयोगाचें मत गांवकऱ्यांच्या हक्कांनीं व फुकट मिळणाऱ्या वनोपजानें जंगलांचा नाश झाला असें होतें. म्हणजे शाळा नवी, पण काठ्या जुन्याच.

तरीही या पदवीस सरसकट नांवें ठेवणें बरोबर होणार नाहीं. तिच्या अभ्यासक्रमांत आज वृक्षसंवर्धनाबरोबर वन्य प्राणी, पाणलोट, शेतीबरोबरची झाडें व वनवासी समाज हेही विषय असतात, आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभवही ठेवलेला आहे. पगाराच्या तराजूंत मात्र ती तोकडी पडते. भारतीय वनसेवेच्या परीक्षेस वनविद्येच्या पदवीधराप्रमाणें गणिताचा किंवा रसायनशास्त्राचा पदवीधरही बसूं शकतो. तेव्हां या पदवीस नोकरीचा मक्ता नाहीं. ज्यास केवळ नोकरी हवी त्यानें ती घेतलीच पाहिजे असें नाहीं. मग तिचें मोल ठरावें कशावर? आमच्या मतें, चार वर्षांनंतर विद्यार्थ्यास रानांत किती अधिक गोष्टी दिसूं लागतात व किती अधिक माणसांचें ऐकूं येतें, यावर.

अशा शिक्षणाचा एक नमुना महाराष्ट्रांतच आहे. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा या गोंड वस्तीच्या गांवीं गांवकऱ्यांनीं अभ्यासगट चालविले. कायदे समजून घेतले, रानाची मोजदाद केली, निर्णय सर्वांच्या संमतीनें घेण्याचा प्रघात पाडला. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें २००९ सालीं त्यांना सुमारें १८०० हेक्टर रानाचा सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ सालीं आपला बांबू विकण्याचे परवानेही गांवाच्या हातीं आले. सार्वजनिक सभेनें जें अर्जांत लिहिलें होतें, त्याचा अनुभव यावयास सव्वाशेंहून अधिक वर्षें लागलीं. या गांवास शास्त्राची गरज नाहीं असें मात्र नव्हे. बांबू किती तोडावा, किती राखावा, हा ब्रँडिस यांचाच प्रश्न आतां ग्रामसभेपुढें आहे. तेथें हिशेब जाणणारा व नम्रपणें बसून ऐकणारा पदवीधर हवा आहे.

म्हणून त्या गृहस्थांना आम्हीं सांगितलें कीं, पदवी चांगली आहे किंवा वाईट आहे असें नुसत्या नांवावरून म्हणतां येणार नाहीं. महाविद्यालय पाहून ठरवावें. विद्यार्थी वर्षांतून किती दिवस खऱ्या रानांत घालवितात, कीं रोपवाटिकेंतच त्यांचा अनुभव संपतो? वनहक्काचा कायदा ते वाचतात काय? एखादा गुराखी किंवा मोहाचीं फुलें वेंचणारी बाई त्यांच्यापुढें जाणकार म्हणून कधीं बोलली आहे काय? या प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक मिळालीं तर मुलीस खुशाल पाठवावें; पगाराची चिंता राहील, पण चार वर्षें वायां जाणार नाहींत. वडिलांचें कितपत समाधान झालें तें सांगवत नाहीं. मुलीनें मात्र तिन्ही प्रश्न कागदावर उतरवून घेतले. पुढच्या आठवड्यांत ती महाविद्यालय पाहावयास जाणार आहे.