सूर्यफुलाचं बी गुलाबी का?

घरात कुत्रं किंवा मांजर असेल तर बाल्कनीत सूर्यफूल लावावं का? एका ओळीत उत्तर: खुशाल लावा. पान, देठ, फूल, बी, यातलं काहीही विषारी नाही. कण्हेर, एरंड किंवा लिलीबद्दल असं म्हणता येत नाही (लिलीचे नुसते परागकण पोटात गेले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात). पण कृषी सेवा केंद्रातून सूर्यफुलाचं संकरित बियाणं आणलंत तर पिशवीतून गुलाबी, लाल नाहीतर निळसर बी बाहेर पडतं आणि पिशवीवर विषाची सूचना असते. निर्विष झाडाच्या बीला विषाचा लेप कशाला? जुन्या कोडमध्ये एखादी विचित्र अट दिसली की तिची हिस्टरी उघडावी लागते, तसंच हे. आणि ही हिस्टरी आपल्याला थेट धाराशिव-लातूरच्या काळ्या रानात घेऊन जाते.

सूर्यफूल मुळात उत्तर अमेरिकेचं. सोळाव्या शतकात ते स्पेनमध्ये शोभेचं फूल म्हणून आलं, आणि खरं तेलबियांचं पीक झालं रशियात. तिथल्या वासिली पुस्तोवोइत या शास्त्रज्ञाने निवड करत करत बियांमधलं तेलाचं प्रमाण खूप वाढवलं. आपल्याकडे खाद्यतेलाची टंचाई होती, म्हणून १९६९ मध्ये सोव्हिएत युनियनमधून बियाणं आणलं गेलं. 'ईसी ६८४१४' हे रुक्ष नाव मिळालेला वाण त्यातलाच.

तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा बराच मोठा होता. लातूर त्यातून वेगळा झाला १९८२ मध्ये, आणि 'धाराशिव' हे नाव सरकारदरबारी लागलं २०२३ मध्ये. इथल्या शेतकऱ्याला तेलबिया नव्या नव्हत्या: करडई, जवस, तीळ, भुईमूग. आणि जनावरांचा विचार करून पेरणी करणंही नवं नव्हतं. ज्वारीच्या कडेने करडईच्या ओळी घालायच्या, कारण करडईला काटे, गुरं आत शिरत नाहीत. कोवळी ज्वारी बैलाने खाल्ली तर सायनाइडची विषबाधा होऊन तो दगावू शकतो, हे घराघरात ठाऊक. आपण हल्ली 'पेट-सेफ' म्हणतो, ते हेच. या हिशेबात सूर्यफूल अगदी गरीब स्वभावाचं निघालं. काटे नाहीत, विष नाही, बी झोडपून उरलेली फुलं आणि तेल काढून उरलेली पेंड गुरांना चालते. वर ऐंशी ते शंभर दिवसांत हातात येतं आणि तिन्ही हंगामांत घेता येतं. लातूर-धाराशिव-सोलापूर हा पट्टा पिवळा झाला तो यामुळे.

गरीब स्वभावाचे तोटेही असतात म्हणा. दाणा भरला की पोपटांचे थवे उतरतात. आणि मधमाश्या कमी पडल्या तर दाणे पोचट राहतात. त्यावर कृषी विद्यापीठांची शिफारस मला फार आवडते: फुलोऱ्यात सकाळी सात ते अकराच्या दरम्यान हाताला तलम कापड गुंडाळून प्रत्येक फुलावरून हळुवार फिरवा. एकरभर फुलांवरून! माणसाने मधमाशीचं काम करायचं.

मग १९८० च्या दशकात केवडा आला. पानं पिवळट, खाली पांढरी बुरशी, झाड खुरटलेलं. भारतात हा रोग पहिल्यांदा आढळला तो मराठवाड्यातच. लातूरच्या तेलबिया संशोधन केंद्राने केवड्याला दाद न देणारे 'एलएसएच १', 'एलएसएच ३' असे संकरित वाण दिले, आणि पेरणीआधी बियाला मेटालॅक्झिल चोळायची शिफारस झाली. हा पहिला लेप.

दुसरा लेप १९९७ नंतरचा. त्या वर्षी कर्नाटकात बागेपल्लीजवळ सूर्यफुलावर नवीनच रोग दिसला. नेक्रॉसिस, म्हणजे पानं-देठ करपून जाणं. हा विषाणू गाजरगवतात लक्षणं न दाखवता राहतो, त्याच्या परागांवरून वाऱ्याने येतो आणि फुलकिडे पानं खरवडतात तिथून आत शिरतो. गाजरगवत तर मराठवाड्यात प्रत्येक बांधावर. मग फुलकिडे रोखण्यासाठी बियाला इमिडाक्लोप्रिड लावायचं ठरलं. लेप दिलेलं बी कुणी चुकून खाऊ नये म्हणून त्यात रंग. तर गुलाबी बीमागे केवडा, विषाणू आणि गाजरगवत असे तीन पाहुणे आहेत.

तोवर सोयाबीन आलं होतं, आयात तेलही स्वस्त झालं होतं. शेतकऱ्याने सोयाबीन धरलं यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. देशात १९९० च्या दशकात वीस लाख हेक्टरच्या वर असलेलं सूर्यफूल आता दोन-तीन लाखांवर आलंय. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं आणि आपल्या किराणा दुकानात तेल कडाडलं. बियाणं जिकडून आणलं होतं, तेलही आता तिकडूनच येत होतं.

असो. बाल्कनीपुरतं सांगायचं तर रंगीत बी टाळा. पक्ष्यांसाठी मिळणारं साधं, न भाजलेलं, खारवलेलं नसलेलं बी घ्या. त्यातलं बरंचसं उगवतं. रंगीतच मिळालं तर हातमोजे घालून तीन-चार सेंटिमीटर खोल पुरा, उरलेलं कुत्र्याच्या तोंडाला लागणार नाही असं ठेवा. धुऊन ते खाण्याजोगं होत नाही. औषध कोवळ्या रोपातही चढतं, म्हणून पहिला महिना-दीड महिना कुंडीला जाळी लावा. फुलोऱ्यात काहीही फवारू नका, मधमाश्या मरतील. फुलाची पाठ पिवळी पडली की ते कापून कठड्यावर ठेवा. कुत्रं ढुंकूनही बघणार नाही, पोपट मात्र बरोबर येतील.