एका गाण्याचीं अनेक रूपें

न्यूयॉर्क शहरांत ब्रॉडवे व ११२ वा रस्ता यांच्या कोपऱ्यावर 'टॉम्स रेस्टॉरंट' नांवाचें एक साधें उपाहारगृह आहे. सुझान व्हेगा ही कवयित्री-गायिका जवळच्याच बर्नार्ड कॉलेजांत शिकत असे. त्या जागेवरून तिनें रचलेलें 'टॉम्स डायनर' हें गाणें १९८७ सालच्या 'सॉलिट्यूड स्टँडिंग' या संग्रहाच्या आरंभींच येतें. गिटार घेऊन स्वरचित गीतें गाणाऱ्या न्यूयॉर्कच्या 'फोक' मंडळींतली ती. पण येथें तिनें गिटारही बाजूस ठेविली. साथ नाहीं, ताल नाहीं. एकटा आवाज एका सकाळचें वर्णन करतो आणि शब्द संपल्यावर निरर्थक अक्षरांची एक लकेर घेतो.

१९९० सालीं 'डीएनए' हें नांव धारण केलेल्या दोघां इंग्रज तरुणांनीं हा आवाज परवानगीवांचून उचलला व त्याखालीं नृत्यगृहांतला यांत्रिक ताल बसविला. अशा पुनर्मिश्रणास 'रीमिक्स' म्हणतात. त्यांची खरी करामत मात्र तालांत नाहीं. मूळ गाण्यांत शेवटीं येणारी ती लकेर त्यांनीं पुढें आणिली आणि तिलाच ध्रुवपद केलें! कवयित्रीनें जातां जातां गुणगुणलेलें तेंच गाण्याचा कणा ठरलें. पुष्कळ संपादकांनाही एवढी दृष्टि नसते.

व्हेगाच्या ए अँड एम कंपनीपुढें दोन वाटा होत्या: कोर्टांत जाणें, अथवा तें रूपांतर विकत घेणें. गायिकेला तें आवडलें होतें. कंपनीनें दुसरी वाट धरली. विक्रीच्या यादींत गाणें ब्रिटनमध्यें दुसऱ्या व अमेरिकेंत पांचव्या क्रमांकास पोंचलें.

मग इतरांनींही आपापलीं रूपें केलीं. १९९१ सालीं व्हेगानें तीं 'टॉम्स अल्बम' या नांवानें एकत्र प्रसिद्ध केलीं. त्यांत निकी डीचें रॅप आहे, जर्मन रूपांतर आहे, विडंबनही आहे. सर्वच सरस नाहींत. कांहीं तर एकदां ऐकलीं कीं पुरे. पण लोकगीत बहुधा बदलत जातें तें कर्ता विस्मृत झाल्यावर. येथें कर्ती हयात असून परक्यांचे हे पाठभेद ती स्वतःच जपून ठेविते.

अर्थात् एवढें औदार्य दाखविण्यास हातीं हक्क असावा लागतो. १९९९ सालीं मोबी या संगीतकारानें 'प्ले' या संग्रहांत अलाबामाच्या व्हेरा हॉल हिचा, लोकगीतसंग्राहक ॲलन लोमॅक्स यांच्या संग्रहांतला आवाज असाच यांत्रिक तालावर बसविला. संग्रह जगभर खपला. व्हेरा हॉल १९६४ सालींच निवर्तली होती. तिला विचारण्याची सोयच नव्हती.