ग्लुटेनविरहित आहार

ग्लुटेनविरहित आहार : सीलिॲक या विकारात गहू, जव व राय ही धान्ये आणि त्यांचे सगळे पदार्थ जन्मभरासाठी वर्ज्य करणारा उपचारात्मक आहार. या विकारात पथ्य हेच औषध. ते सिद्ध केले नेदरलंड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके (१९०५–६२) यांनी.

सीलिॲकच्या रुग्णाने या धान्यांतील ग्लुटेन हे प्रथिन खाल्ले की त्याची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे अस्तरावरील सूक्ष्म उंचवटे झिजून सपाट होतात. मूल जेवते, पण अंगी लागत नाही. पोट नगाऱ्यासारखे, हातपाय काटकुळे, शौच फिकट, तेलकट व घाण वासाचे. शिवाय रक्तक्षय आणि खुंटलेली वाढ. मोठ्यांत मात्र कधीकधी न हटणारा रक्तक्षय एवढेच लक्षण दिसते.

लंडनचे डॉक्टर सॅम्युएल गी यांनी १८८८ मध्येच सांगून ठेवले होते की असे मूल बरे झालेच तर आहारानेच होईल. त्यांनी एका मुलाची हकिकत दिली आहे. रोज भरपूर डच शिंपले खाऊन ते बाळसे धरू लागले, हंगाम संपताच पुन्हा ढासळले आणि पुढच्या हंगामात शिंपल्यांना तोंड लावेना. १९२४ मध्ये न्यूयॉर्कचे डॉक्टर सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार रूढ केला. त्यातही पाव नव्हता, पण श्रेय केळ्यांना मिळाले.

डिके १९३६ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, द हेगच्या युलियाना बालरुग्णालयाचे प्रमुख झाले. गहू बंद करून पाहण्याचे त्यांचे प्रयोग त्याच सुमारास सुरू झाले होते आणि १९४१ मध्ये त्यांनी डच वैद्यकीय नियतकालिकात तशा साध्या आहारावर लेख लिहिला. हे साल लक्षात ठेवायला हवे, कारण प्रचलित कथा वेगळीच आहे. १९४४–४५ च्या ‘भूक-हिवाळ्यात’ जर्मनांनी पश्चिम नेदरलंड्सची अन्नकोंडी केली, शिधा दिवसाला ५००–६०० किलोकॅलरींच्या आसपास आला आणि लोक ट्यूलिपचे कंद शिजवून खाऊ लागले. या काळात पाव मिळेना, तेव्हा सीलिॲकची मुले सुधारली. मदतीचा पाव येताच पुन्हा आजारली आणि डिके यांना उलगडा झाला, असे सांगतात. दुष्काळाने त्यांची खात्री पटली असेल. पण कल्पना त्याआधीची आहे आणि पुरावा त्यानंतरचा.

तो पुरावा प्रयोगशाळेत, शौच तोलून मिळाला. रसायनतज्ज्ञ फान द कामर यांनी शौचातील मेद मोजण्याची सोपी व अचूक पद्धत काढली होती. मुलाला ठरावीक आहार द्यायचा, खाल्लेल्या मेदापैकी किती बाहेर पडला ते मोजायचे, मग आहारात गहू घालून पुन्हा मोजायचे. गहू आला की मेदाचे शोषण घटे. तांदूळ, मका किंवा बटाट्याने काही बिघडत नसे. १९५० मध्ये डिके यांनी उट्रेख्ट विद्यापीठाला प्रबंध सादर केला. पुढे सहकारी वायर्स आणि फान द कामर यांच्यासह त्यांनी गव्हाचे पीठ घटक वेगळे करून तपासले. स्टार्च निर्दोष ठरला. दोष ग्लुटेनमध्ये, विशेषतः त्यातील ग्लायडिन या प्रथिनात होता. त्यांनी ओटही वर्ज्य ठरवले होते. गव्हाची भेसळ नसलेले ओट बहुतेक रुग्णांना सोसतात, असे आता मानतात.

‘ग्लुटेनविरहित’ म्हणवणाऱ्या पदार्थात किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असू नये, ही मर्यादा युरोपात व भारतातही आहे. मराठी घराला हे पथ्य तसे जड जाऊ नये : ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, सगळे चालते. अडते ते गिरणीत. गव्हावर ज्वारी दळली की भाकरीचे पीठ बाटले. त्यामुळे घरगुती चक्की किंवा वेगळे जाते लागते. बांधानी हिंगात बहुधा मैदा असतो, तेव्हा फोडणीही तपासावी लागते. रवा, शेवया आणि लापशी तर गव्हाचीच.

निदानाआधी गहू सोडणे ही सर्रास होणारी चूक. पथ्य सुरू झाले की रक्तातील प्रतिपिंडे ओसरतात, आतडे भरून येऊ लागते आणि तपासणी खोटेच ‘सगळे ठीक’ सांगते. म्हणून रक्त व आतड्याच्या तुकड्याची तपासणी होईपर्यंत पोळी चालू ठेवायची असते.